लोकसहभागाचा हिशेब

उत्साही : अंगणवाडी चालवणं हे एकट्या सरकारचं काम नाही, आणि सुरुवातीपासूनच ते तसं नव्हतं. १९४५ साली ताराबाई मोडक बालशिक्षणाचं काम करायला बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हललं. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावर गेली आणि कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. खेळणी म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. म्हणजे अंगणातली वाडी आधी आणि शासन निर्णय नंतर. आज आपण लोकसहभाग म्हटलं की काहीतरी नवं बोलतोय असं वाटतं, पण या कामाची पायाभरणीच त्यातून झाली आहे. मूल अंगणवाडीत चार तास असतं. उरलेले वीस तास ते घरात, शेतात, गल्लीत असतं. त्या वीस तासांतल्या माणसांना हाताशी धरल्याशिवाय चार तासांचं शिक्षण टिकत नाही.

साशंक : पायाभरणी लोकांनी केली म्हणता, पण कोणत्या लोकांनी? ताराबाई आणि अनुताई बाहेरून गेल्या होत्या. पाड्याने अर्ज करून त्यांना बोलावलं नव्हतं. दोन विलक्षण बायकांनी आयुष्य ओतलं म्हणून कोसबाद उभं राहिलं, आणि तशा बायका प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत म्हणूनच सरकारला यावं लागलं. १९७५ मध्ये देशभरात ३३ प्रकल्प होते. आज एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. हा पसारा दानशूरांनी वाढवलेला नाही, करदात्यांच्या पैशाने आणि न्यायालयाच्या रट्ट्याने वाढलेला आहे. आता तोच पसारा हळूहळू परत लोकांच्या गळ्यात घालायचं चाललंय का, ही माझी शंका आहे. २०२२ मध्ये राज्याने अंगणवाडी दत्तक देण्याचं धोरण आणलं. एखादी संस्था येते, भिंतीवर जिराफ रंगवते, पाण्याचं यंत्र बसवते, देणगीदाराच्या नावाची पाटी लावते, फोटो काढते. तीन वर्षांनी तिचा निधी दुसरीकडे वळतो. यंत्राचा फिल्टर बदलायला पैसे नसतात, म्हणून मुलं पुन्हा हंड्यातलं पाणी पितात. देणगीदार रंग देतात, खुर्च्या देतात; दुसऱ्या सेविकेचा पगार मात्र कुणीच देत नाही.

उत्साही : रंगरंगोटीची बाजू मी घेत नाही. जिराफाने मूल शिकत नाही हे मान्य. माझा भर आयांवर आहे. २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचं अभियान झालं, तेव्हाचे मेळावे आठवा. शाळेच्या पटांगणात सात टेबलं मांडलेली. पहिल्यावर नोंदणी, मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांशी बोलणं. मूल रेषेवरून तोल सांभाळत चालतं, कागद घडी घालून दाखवतं, चित्र बघून चार वाक्यं बोलतं. आई हातात विकासपत्र घेऊन मागे मागे. गणनाच्या टेबलापाशी मूल हरभरे आणि मूग वेगळे करतं, आणि तिथे आईच्या लक्षात येतं की घरी निवडण करताना हे पोर नेमकं हेच करतं आणि आपण त्याला ‘सांडू नको, ऊठ तिथून’ म्हणून हाकलतो. मग वाडीतल्या चार-सहा जणींचा माता गट होतो. दर आठवड्याला मोबाइलवर एक कृती येते : भाकऱ्या मोजा, डब्यांची झाकणं लहान-मोठी लावा, आज बाजारात काय बघितलं ते मुलाला विचारा. यात ना देणगीदार, ना पाटी. स्वयंपाकघरात पडलेलं साहित्य आणि आईची पाच मिनिटं. सरकारने कितीही पैसे ओतले तरी ही पाच मिनिटं त्याला विकत घेता येत नाहीत.

साशंक : विकत घेता येत नाहीत म्हणूनच ती फुकटात मागितली जातात. त्या पाच मिनिटांची किंमत कोण मोजतं? सोयाबीन काढणीत बाई सकाळी सातला घर सोडते. कापूस वेचणीत किलोमागे मजुरी असते, म्हणजे एक तास बैठकीला बसली की तासाची वेचणी गेली. बीडच्या गावांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत त्या आया कारखान्याच्या तळावर खोपीत असतात. सकाळी अकराच्या बैठकीला येतात त्या घरी असणाऱ्या, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या घरच्या. मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात, त्यामुळे आठवड्याची कृती संध्याकाळी पोहोचते नाहीतर पोहोचतच नाही. शिवाय गटाला नाव माता गट. बापाने भाकऱ्या मोजायला बसू नये असं कोणी ठरवलं? सगळ्यात वाईट म्हणजे जी येऊ शकली नाही तिच्या मुलाच्या नावापुढे ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. सहभागाचं माप लावलं की गरिबीची गणना बेपर्वाईत होते.

उत्साही : हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण सहभाग वाईट, असा त्याचा अर्थ होत नाही. सहभाग कुणाकडून मागायचा हे चुकलं, एवढाच होतो. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. मजूर बाया पाट्या वाहत होत्या आणि त्यांची तान्ही मुलं धुळीत पडलेली. ते बघून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर काढलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली, पुढे मुंबईतही आली. तिची पद्धत बघा : बिल्डरने जागा द्यायची, पाणी-वीज द्यायची, खर्चाचा वाटा उचलायचा, संस्थेने शिक्षिका तयार करायच्या, काम संपून मजूर दुसऱ्या साइटवर गेले की पाळणाघर त्यांच्या मागोमाग जायचं. आईकडे काहीच मागितलं नाही, तिच्या श्रमावर ज्याचा नफा उभा आहे त्याच्याकडे मागितलं. साखर कारखान्यांच्या तळावरच्या साखरशाळा याच वाटेने गेल्या. नव्वदच्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्या काढल्या तेव्हा इमारतीची वाट बघत बसले नाहीत, वस्तीत जी खोली मिळाली ती घेतली आणि शिकवायला वस्तीतलीच मुलगी घेतली. भागीदार नीट निवडला तर गरिबावर बोजा पडत नाही.

साशंक : बिल्डरचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. पन्नासाहून जास्त स्त्रिया काम करत असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवंच, असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितलं होतं. कर्तव्य कायद्याने लावलेलं, आणि ते पाळलं की आपण त्याला भागीदारी म्हणून हार घालतो. ज्याला दंड व्हायला हवा त्याचा सत्कार होतो.

आणि ‘लोक’ या नावाआडून काय काय होतं तेही ऐका. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, ते काम गावसमाज, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडे जावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. हेतू अगदी तुमच्या मनासारखा. महाराष्ट्रात झालं असं की हजारो कोटींची घरपोच आहाराची कामं मोठ्या पुरवठादारांकडे गेली आणि कागदावर नाव महिला मंडळाचं, महिला बचत गटाचं राहिलं. २०१६ च्या सुमारे ६,३०० कोटींच्या निविदेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि छोट्या बचत गटांना डावलून मोठ्यांच्या सोयीने अटी घातल्या गेल्याचं सांगत न्यायालयाने २०१९ मध्ये ती कंत्राटं रद्द केली. लोकसहभाग हा लेटरहेड म्हणून कसा वापरता येतो, याचा हा धडा आहे. सरकार थेट ठेकेदाराला काम देतं तेव्हा निदान ठेकेदार दिसतो तरी.

उत्साही : त्याच प्रकरणातून मी उलटा धडा घेतो. पाकिटबंद पावडर घरी आली तर तिचं काय होतं? मूल खात नाही, घरातलं कुणीतरी कणकेत मिसळतं, नाहीतर शेळीपुढे जाते. तक्रार कुणाकडे करायची हे आईला माहीत नाही, कारण पाकीट कुठे भरलं गेलं हेच तिला ठाऊक नसतं. याच्या शेजारी २०१५ मध्ये आदिवासी भागात सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना ठेवा. गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण, पुढे मुलांना अंडी नाहीतर केळी. खरेदी गावातच, आहार समितीच्या मार्फत. अंडं कधी आलं नाही, तर ते बाईला त्याच दुपारी कळतं. भाजी पातळ झाली की ती तिथल्या तिथे बोलते. मंत्रालयात बसून पाकिटाची गुणवत्ता तपासणाऱ्यापेक्षा पंगतीत बसलेली बाई चांगली तपासनीस असते. लेटरहेडवरच्या महिला मंडळाला तोड एकच : खाणाऱ्यांच्या हातात खरेदी.

साशंक : पंगतीतली बाई तपासणार कुणाला? ठेकेदार समोर नाही, संचालक समोर नाही. समोर सेविका आहे. मुलामागे दिवसाला आठ रुपये हा आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला, त्यानंतर तेलाचा भाव बघा, तुरडाळीचा बघा. बिल निघायला उशीर होतो, तोवर सेविका किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधारी करते. दुकानदार तिला अडवतो, आया तिला बोलतात, पर्यवेक्षिका तिच्याकडेच नोंदी मागते. तिची सकाळ नजरेपुढे आणा. वजनकाटा काढायचा, ओट्यावर बसून रडणाऱ्या पोराला आत घ्यायचं, उंची मोजायची, फोनवर नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप उघडायचं, रेंज नाही म्हणून फोन घेऊन बाहेर आंब्याखाली जायचं. लाभार्थी आईचा चेहरा कॅमेऱ्यात जुळेना, म्हणून तिला पदर नीट करून पुन्हा उभं करायचं. आत वीस मुलं मदतनिसाच्या भरवशावर. गाणं, गोष्ट, ठोकळे हे सगळं त्यातून जो वेळ उरेल त्यात. केंद्राच्या हिशेबात तिचं मानधन २०१८ पासून ४,५०० रुपये आहे आणि मदतनिसाचं २,२५०. वर राज्य काय घालतं ते प्रत्येक वेळी भांडून मिळतं. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप ५२ दिवस चालला. त्या ५२ दिवसांत किती ग्रामसभांनी त्यांच्या बाजूने ठराव केला? तुमच्या सहभागाने गावाला सेविकेवर अधिकार मिळतो. तिजोरीवर मिळत नाही.

उत्साही : हे मात्र लागलं. सहभाग म्हणजे गावाने काहीतरी द्यायचं, असंच इतका वेळ मी धरून चाललो होतो : जागा, वेळ, भाजीपाला, लक्ष. गावाने वर मागायचं, हा सहभाग मी नीट मांडला नाही. आणि त्याला आधार आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो रस्त्याच्या दिव्यांवर गेला की अंगणवाडीच्या संडासावर, हे विचारायला ग्रामसभा आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर वस्तीने मागितल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. हा उपकार नाही, हक्क आहे, आणि तो वस्तीने वापरायचा आहे. माता गटाने भाकऱ्या मोजाव्यात, आणि त्याच गटाने पंचायतीचा खर्चही मोजावा. आहाराचं बिल चार महिने थकलं तर तहसीलवर जायला सेविकेबरोबर दहा आया असाव्यात. याला मी भागीदारी म्हणेन. आता तरी आपण एका बाजूला आलो का?

साशंक : जवळ आलो. पण ग्रामसभा म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे एकच गाव आहे, आणि गाव एक नसतं. अंगणवाडीची इमारत कुठे बांधली जाते? बहुतेकदा गावठाणात, देवळाजवळ, जिथे मोठ्या घरांच्या जमिनी आहेत. ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं तीन वर्षांचं पोर पावसाळ्यात येणार कसं? मदतनीस दलित असेल तर तिच्या हातची खिचडी मुलाला खाऊ न देणारे पालक आजही निघतात. तिथे लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं तर कुणाचं ऐकणार? अशा जागी सरकारने गावाच्या विरोधात उभं राहायला हवं. आणि दुसरं, सरपंचाचा नातू अंगणवाडीत येतो का? तो टाय लावून पिवळ्या व्हॅनमधून ज्युनियर केजीला जातो. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांची मुलं अंगणवाडीत नाहीत, आणि ज्यांची आहेत त्यांच्या शब्दाला वजन नाही. जिथे आपलं मूल बसत नाही त्या जागेसाठी ग्रामसभेत कोण भांडेल?

उत्साही : यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. तो नातू परत येईल इतकी अंगणवाडी चांगली करायची. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला, तीन ते सहा वयासाठी २०२४ मध्ये ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आला. कागदावर अंगणवाडीला शाळेचा दर्जा मिळू लागला आहे. पण पालकांना विचारलं तर ते काय मागतात? पाटी, पेन्सिल, गृहपाठ, ए बी सी डी. तीन वर्षांच्या बोटांना लेखणी नको, माती हवी, दोरा-मणी हवेत, हे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाईंच्या काळापासून आपण सांगत आलो. आईला वाटतं, केजीतलं पोर ‘ॲपल’ म्हणतं आणि माझं नुसतं खेळून घरी येतं. आम्ही तिला भागीदार म्हणतो, पण तिची पहिलीच मागणी चुकीची ठरवतो. मला हा पेच सुटलेला नाही.

साशंक : तिची मागणी वेडगळ नाही. ज्या घरात पुस्तक नाही तिथे वहीवरचं अक्षर हाच पुरावा असतो की पोर काहीतरी शिकतंय. पहिलीत तिच्या मुलाला कुणी ‘काहीच येत नाही’ म्हणेल, ही भीती तिला आहे, आणि ती भीती खोटी नाही. तिला दटावून उपयोग नाही. मणी ओवणारी बोटं पुढे पेन्सिल कशी धरतात ते तिला दाखवावं लागेल, एकदा नाही, वर्षभर. इतकं करूनही तिने वही मागितली, तर? तुमच्या भागीदारीत तज्ज्ञाने हरायची तयारी आहे का? नसेल तर तिला भागीदार म्हणू नका, प्रेक्षक म्हणा.

म्हणून कुठल्याही सहभागाची योजना समोर आली की मी तीन गोष्टी विचारते. यात नाही म्हणायचा अधिकार कुणाला आहे? देणारा निघून गेला की मागे काय उरतं? आणि ज्या वाडीकडे द्यायला काहीच नाही, जिथे ना देणगीदार येतो ना बैठकीला कोणी बसू शकतं, तिथल्या मुलाला काय मिळतं?

उत्साही : पहिल्या दोन अटी मी घेतो. यापुढे माझ्या प्रत्येक प्रस्तावात त्या असतील. तिसरीवर मात्र माझा वाद आहे. ज्या वाडीकडे काही नाही असं आपण म्हणतो तिच्याकडे भाषा असते, गाणी असतात, मुलांना खेळवणाऱ्या म्हाताऱ्या असतात. कोसबादला याच शिदोरीवर काम उभं राहिलं. ‘यांच्याकडे द्यायला काही नाही’ असं धरून चाललो, तर सरकार तिथे पाकीटच पाठवणार.

साशंक : म्हातारीच्या गाण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गाणं मोजून पाणी वगळण्याला. त्या वाडीत आधी नळ, छप्पर आणि दुसरी सेविका द्या, मग म्हातारीला बोलवा. क्रम उलटा झाला की तिचं गाणं सरकारच्या अहवालात ‘स्थानिक संसाधन’ म्हणून छापलं जातं आणि सेविकेचं पद रिकामंच राहतं.

उत्साही : आणि तुमच्या क्रमाने गेलं, तर नळ आणि सेविका मागायला तिथे कोण उभं राहणार? आजवर न मागता काय मिळालं आहे? म्हातारी, आया, मदतनीस यांनी आधी एकत्र बसायला शिकलं पाहिजे, मग ते गाण्याच्या निमित्ताने का होईना. संघटना झाल्याशिवाय मागणी होत नाही.

साशंक : उपाशी, दमलेल्या बाईकडून संघटनेची पहिली वर्गणी तुम्ही मागताय. मी म्हणते ती वर्गणी सरकारने भरावी. तुम्हाला वाटतं सरकार कधी भरणार नाही. मला वाटतं बाई भरू शकणार नाही. दोघांपैकी कुणाची भीती खरी, हे वाडीगणिक वेगळं निघेल. म्हणून निदान एवढं करा : पुढच्या योजनेच्या कागदावर ‘लोकसहभाग’ असा एकच रकाना ठेवू नका. कुणाचा वेळ, कुणाचा पैसा, कुणाची सही आणि कुणाचा नकार, असे चार ठेवा. मग कुठल्या वाडीत आपल्यातलं कोण चुकलं ते तरी कळेल.